मी, आमच्या गाडीची क्लीनर

एम. ए., बी. एड. झालेली आणि सात वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मेलबर्नला येऊन काय झाली, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, गाडीची क्लीनर. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई विनोद करतेय. मग मी त्यांना आमच्या गॅरेजमध्ये नेते.

तिथे कापडाखाली एक लाल शेव्हरोले कॉर्व्हेट उभी असते. १९८८ चं मॉडेल, ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, पापण्या उघडाव्यात तसे वर येणारे दिवे आणि दोनच सीटा. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन या गावी ती तयार झाली. अमेरिकेची गाडी, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. तेव्हा या गाडीत जिथे ड्रायव्हर असायला हवा, तिथे मी असते. माझ्यापुढे स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. जबाबदारी मात्र आहे.

या जबाबदारीची मला लहानपणापासून ओळख होती, हे खूप नंतर लक्षात आलं. माझं आजोळ पाटण खोऱ्यात. एसटी दिवसातून दोनदा यायची, बाकी सगळा कारभार वडापवर. त्या वडापमध्ये एक जुनी जीप होती. तिच्या मागच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती : लेफ्ट हँड ड्राइव्ह. एकेक अक्षर लावत मी ते वाचलं आणि आईला अर्थ विचारला. आई म्हणाली, “ड्रायव्हर उलट्या बाजूला बसलाय, जपून राहा, असं लिहिलंय मागच्यांसाठी.” घाटात पुढे ऊसाचा ट्रॅक्टर आला की त्या ड्रायव्हरला पलीकडचं काही दिसायचं नाही. मग उजवीकडे अर्धा बाहेर लोंबकळणारा पोरगा ओरडायचा, “थांब, थांब... येऊ दे त्याला... हां, काढ आता!” आणि पत्र्यावर दोन थापा. गावात त्याला किन्नर म्हणायचे, म्हणजे क्लीनर. चौदा-पंधरा माणसं, दोन करडं आणि भाजीच्या पाट्या त्याच्या एका ‘काढ’वर विसंबून असायच्या. आज मी त्याच पोराच्या जागी बसते. फरक एवढाच, की मी पट्टा लावते.

गाडी घ्यायची हौस नवऱ्याची. इचलकरंजीला त्यांच्या घरी माडीवर, खाली चोवीस तास यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना, त्याने भिंतीवर या गाडीचं चित्र चिकटवलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि ते डॉलरमध्ये द्यावं लागतं. मी अट घातली, आधी गळणारं छप्पर दुरुस्त करायचं, मग गाडी. छप्पर दोन आठवड्यांत झालं. इतक्या तत्परतेने या घरात दुसरं काही झालेलं मला आठवत नाही.

गाडी मिळाली जिलाँगच्या एका आजोबांकडे. आम्ही त्यांना समोर नावाने हाक मारतो, इथल्या रीतीप्रमाणे, पण घरात ते आजोबाच. आयुष्यभर फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यात काम केलं, २०१६ मध्ये फोर्डने ऑस्ट्रेलियातलं गाड्यांचं उत्पादन थांबवलं तेव्हा घरी बसले, आणि दोन वर्षांनी मागवली काय तर शेव्हरोले! इथे फोर्डवाले आणि होल्डनवाले म्हणजे आपल्याकडच्या दोन तालमींसारखे. शेव्हरोले ही होल्डनच्या मालक कंपनीची. “शेजाऱ्याने महिनाभर तोंड दाखवलं नाही,” असं आजोबा सांगतात.

२०१८ च का, तर त्या वर्षी गाडी तीस वर्षांची झाली. राज्याराज्यांत नियम थोडे वेगळे आहेत, पण आमच्या व्हिक्टोरियात तीस वर्षांहून जुनी गाडी डाव्या स्टिअरिंगसह रस्त्यावर आणता येते. त्याहून नवी असेल तर सहसा स्टिअरिंग उजवीकडे न्यावं लागतं. गाडी बाहेरून आणणं हेही एक प्रकरण. आधी परवानगी. मग बंदरात तपासणी, चाकांच्या खोबणीत परदेशी माती नको, गवताचं बी नको. मग ॲस्बेस्टॉस. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये, इंजिनच्या गॅस्केटमध्ये ते हमखास सापडतं. आजोबांची गाडी त्यासाठी कित्येक आठवडे अडकून पडली होती. ब्रेक बदलले, गॅस्केट बदलली. पुढचे दिवेही बदलले, कारण अमेरिकन दिव्यांचा झोत उजव्या कडेला झुकलेला असतो, म्हणजे इथे बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. शेवटी मागे पाटी लागली : लेफ्ट हँड ड्राइव्ह. ती पाटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पाटणचा घाट आठवला आणि मी एकटीच हसत सुटले.

आमच्या गाडीला लाल नंबरप्लेट आहे, क्लबच्या परवान्याची. म्हणजे जुन्या गाड्यांच्या एखाद्या क्लबचं सभासद व्हायचं आणि वर्षातून मोजून ४५ दिवस गाडी बाहेर काढायची. जास्त पैसे भरले तर ९० दिवस. निघण्याआधी वहीत नोंद करावी लागते. ती वही माझ्याकडे आली. हजेरीपट सांभाळलेला हात आहे, दुसऱ्या कुणाला जमणार?

पहिल्या काही महिन्यांतल्या गमती आमच्या मंडळात सगळ्यांना पाठ आहेत. पार्किंगचं तिकीट देणारं यंत्र नेहमी उजवीकडे, म्हणून तिकीट मी घ्यायचं. नवरा एकटा असला की त्याने उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, तिकीट घ्यायचं, परत वळसा, आणि मागच्या रांगेतून भोंगे. आता त्याने कचरा उचलायचा एक लांब चिमटा घेऊन ठेवलाय. गाडीत बसूनच कॉफी घ्यायच्या खिडकीशी मी ऑर्डर देते, पैसेही मीच देते, आणि ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणते, “छान गाडी आहे तुमची!” मी थँक्यू म्हणते.

एकदा रात्री पोलिसांनी दारूच्या तपासणीसाठी थांबवलं. हवालदार सवयीने उजव्या खिडकीशी आला, यंत्र माझ्या तोंडापुढे धरलं आणि म्हणाला, एक ते दहा मोजा. मी मोजले. शिक्षिकेला कुणी आकडे म्हणायला सांगितले तर ती प्रश्न विचारत बसत नाही. सातपर्यंत गेले तेव्हा त्याची नजर माझ्या मांडीवरच्या पुरणपोळीच्या डब्याकडे गेली आणि मग जिथे स्टिअरिंग असायला हवं होतं तिथे. दहा होईपर्यंत आम्ही तिघंही हसत होतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. ती उजव्या सीटवर पुस्तक वाचत बसली की सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं अक्षरशः दचकतात.

गेल्या वर्षी सासूबाई आल्या. या कॉर्व्हेटच्या दाराचा उंबरठा एवढा रुंद आणि उंच, की आत बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. सासूबाईंनी निऱ्या सावरल्या, माप ओलांडावं तसा उजवा पाय आत टाकला आणि तिथेच अडकल्या. दोघांनी मिळून आत बसवलं. फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “गाडी चांगली आहे हो. पण ज्याला चालवायचं त्याला दिसत नाही आणि जिला दिसतं तिच्या हातात काही नाही. हा कसला संसार?” सगळे हसले. मी जरा उशिरा हसले.

कारण तोपर्यंत खरी अडचण मला कळली होती. तिकिटं आणि कॉफी ही गंमत झाली. अडचण आहे ती बघण्याची. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि उजवीकडे माझं डोकं. “मान मागे घे!” हे वाक्य आमच्या संसारात गेल्या तीन वर्षांत सर्वात जास्त वेळा उच्चारलं गेलंय. मेलबर्नच्या मध्यवस्तीत ट्रामसाठी काही चौकांत उजवीकडे वळायलाही डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं. तिथे तर तो एका टोकाला फुटपाथला चिकटलेला, आणि पलीकडची सगळी वाहतूक माझ्या कानांच्या मागून बघायची. पण शहरात वेग कमी असतो. ओव्हरटेक ही वेगळी गोष्ट. दुपदरी रस्त्यावर पुढे मोठं वाहन असेल तर उजवीकडे बसलेला ड्रायव्हर गाडी जराशी मधल्या रेषेकडे सरकवून पलीकडे डोकावू शकतो. डावीकडे बसलेल्याला डोकावण्यासाठी जवळजवळ अख्खी गाडी समोरच्या पदरात न्यावी लागते. तोपर्यंत समोरचा येऊन पोचलेला असतो.

जगभर याच एका गोष्टीपायी देशांनी बाजू बदलल्या आहेत. स्वीडन डावीकडून चालायचं आणि लोकांच्या गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच असायचं. शेवटी ३ सप्टेंबर १९६७ ला अख्खा देश रस्त्याच्या उजव्या बाजूला गेला. उलट आमच्या शेजारचा समोआ ७ सप्टेंबर २००९ ला उजवीकडून डावीकडे आला, कारण लोकांना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून स्वस्त जुन्या गाड्या आणता याव्यात. आम्ही दोघांनी मात्र देश तोच ठेवला आणि उलटी गाडी घेतली.

गेल्या मार्चमध्ये ग्रेट ओशन रोडला निघालो. मुलीला मैत्रिणीकडे सोडलं, संध्याकाळी सहाला घ्यायला येतो म्हणून सांगितलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बराचसा कुदळ-फावड्याने, हा रस्ता कड्यात कोरून काढला. परत न आलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. टॉर्कीपासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटर. ईस्टर्न व्ह्यूला लाकडी कमान आहे, तिथे फावडं घेतलेल्या सैनिकांचा पुतळा आहे. तिथे मी नेहमी थोडा वेळ थांबते. रस्ता हेच स्मारक, ही कल्पना मला फार आवडते.

पश्चिमेकडे जाताना समुद्र डावीकडे येतो. एरवी आमच्या रोजच्या गाडीत डाव्या खिडकीतून समुद्र मी बघते आणि नवरा रस्ता बघतो. त्या दिवशी उलटं झालं. लॉर्नपासून अपोलो बेपर्यंत रस्ता कड्याला बिलगून जातो. तो कठड्याला आणि पाण्याला खेटून, आणि मी मधल्या रेषेवर. प्रत्येक वळणावर समोरून येणारी बस माझ्या कोपराला घासून गेल्यासारखी वाटायची. उजव्या पायाने मी नसलेला ब्रेक इतक्या वेळा दाबला, की अपोलो बेला उतरले तेव्हा पोटरीत गोळा आला होता. या रस्त्यावर परदेशी पाहुण्यांसाठी जागोजाग पाट्या आहेत, ‘ऑस्ट्रेलियात डावीकडून चालवा’. आमच्या गाडीकडे बघून त्या पाट्या जरा मोठ्याने बोलतायत असं वाटायचं. पण खरं सांगते, दिवस सुंदर होता. केनेट रिव्हरला झाडाच्या बेचक्यात झोपलेला कोआला, लॅव्हर्स हिलचं दमट जंगल, आणि मग उघड्या माळावरून एकदम समोर येणारे ट्वेल्व्ह अपॉसल्सचे चुनखडीचे खांब. नाव बारांचं, पण त्यातला एक २००५ मध्ये कोसळला आणि आता आठ उरलेत. वाऱ्यात उभं राहून डब्यातली थालीपिठं खाल्ली. नवरा इतका आनंदात होता, की माडीवरचा तो मुलगा मला दिसत होता.

परतीला आतल्या रस्त्याने निघालो, पोर्ट कँबेल, टिंबून, कोबडन, कँपरडाउन. सगळा दुभत्या गाईंचा प्रदेश. साडेतीन वाजून गेले होते. सहाला पोचणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. कोबडनच्या पुढे एक दुधाचा टँकर आडवा आला, म्हणजे पुढेच चाललेला, पण आम्हाला आडवाच. त्याने विचारलं, “दिसतंय?” मी म्हटलं, “नाही.” मिनिटाने परत, “आता?” “नाही.” असं सात-आठ वेळा झालं. मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता, घड्याळाचा कंटाळा आला होता, गुडघे आखडले होते. एक सरळ पट्टा आला, तुटक रेषा, लांबवर रस्ता रिकामा. त्याने विचारलं, “दिसतंय?” आणि मी म्हणाले, “काढ.”

रस्ता रिकामा नव्हता. मध्ये एक खोलगट भाग होता आणि त्यात एक पांढरी युट होती. आम्ही टँकरच्या मधोमध असताना ती वर आली, थेट माझ्या समोर. त्याच्या नाही, माझ्या. मी ओरडलेही नाही. त्याने ब्रेक दाबला, मागे टँकरच्या शेपटीशी गाडी आत घेतली, आणि युट भोंगा वाजवत निघून गेली. किती अंतर राहिलं होतं ते मी सांगणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. ज्या माणसाचं काम फक्त बघण्याचं होतं, तिने डोळे मिटले होते.

दोन किलोमीटर कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “तू काढ म्हणालीस म्हणून काढली.” यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी मला ते इतकं लागलं, की कोलॅकला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा मी उतरून दूर जाऊन उभी राहिले. वर्गात मी मुलांना सांगायचे, खात्री असेल तरच हात वर करा. मी खात्री नसताना हात वर केला होता, आणि समोर फळा नव्हता, युट होती. मुलीकडे सव्वासातला पोचलो. ती चिडली होती, उशिरासाठी. मी तिला इतकी घट्ट धरली, की ती म्हणाली, “आई, सोड ना.”

गाडीवर कापड पडलं ते तीन महिने निघालं नाही. मी म्हटलं, मी त्या सीटवर बसणार नाही. तो म्हणाला, मग विकतो. मग म्हणाला, स्टिअरिंग उजवीकडे घेऊ. इथे ते करून देणारे कसबी लोक आहेत. पण स्टिअरिंग हलवायचं म्हणजे नुसतं चाक हलवायचं नसतं. डॅशबोर्ड नवा, ब्रेकची जोडणी नवी, वायपर, एसी, सगळ्याची उलथापालथ आणि शेवटी मान्यताप्राप्त इंजिनिअरचा दाखला. आम्हाला सांगितलेली रक्कम ऐकून छप्पर पुन्हा गळायला लागल्यासारखं वाटलं. खुद्द कंपनीने, १९५३ पासून कॉर्व्हेट बनवत असूनही, कारखान्यातच उजवं स्टिअरिंग दिलं ते आठव्या पिढीत. ऑस्ट्रेलियात त्या गाड्या २०२१ पासून आल्या.

विकायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने रीत म्हणून आजोबांना फोन केला. त्यांनी दोघांना चहाला बोलावलं. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तो विचारायचा आणि तू उत्तर द्यायचीस, असं होतं का?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “आमच्यात मी विचारायचोच नाही. उजव्या सीटवर माझी बायको बसायची. तिला वाटलं तरच ती बोलायची. ती गप्प असली म्हणजे थांबायचं. बहुतेक वेळा ती गप्पच असायची. आम्ही सगळीकडे उशिरा पोचायचो.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “२०२१ मध्ये ती गेली. त्यानंतर मी एकदाच गाडी काढली. उजवीकडून कुणी बोलत नाही म्हणजे थांबायचं, की आता कुणी बोलणारच नाही, हे कळेना. म्हणून तुम्हाला दिली.”

परत येताना आम्ही रोजच्या गाडीत होतो, स्टिअरिंग उजवीकडे, मी डावीकडे. वेरिबीपर्यंत कुणी बोललं नाही. मग नवरा म्हणाला, “मी फार विचारत होतो.” मी म्हटलं, “मी कंटाळून बोलले.” एवढंच. पण मार्चपासून अडकलेला पोटरीतला गोळा त्या दिवशी गेला.

गाडी विकली नाही. नियम केले. विचारायचं नाही. दोन पदर एकाच दिशेचे असतील तिथेच पुढे जायचं, एरवी टँकर असो नाहीतर ट्रॅक्टर, त्याच्या मागे मुकाट चालायचं. आपल्यामागे रांग लागली तर कडेच्या जागेत थांबून सगळ्यांना जाऊ द्यायचं. आणि शेवटचा नियम माझा : मीही चालवणार.

पहिल्या दिवशी मी डावीकडे बसले आणि तो उजवीकडे. रिकाम्या रविवारी सकाळी, बेलारिनच्या बाजूला. दहा मिनिटांत त्याचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेला मला दिसला. “अगं, ती सायकल!” तो म्हणाला. मी म्हटलं, “मान मागे घे.” तासाभराने गाडी थांबवली तेव्हा तो पोटरी चोळत होता. काही बोलला नाही, पण घरी आल्यावर चहा त्याने केला.

परवा आजोबांना दिवाळीचा फराळ द्यायला जिलाँगला गेलो. मुलीची पाळी होती, म्हणून मी आणि ती, गाडी मी चालवली. वाटेत एक ट्रक पुढे आला. मी काही विचारलं नाही. ती मांडीवर चकलीचा डबा धरून उजवीकडे बसली होती, पुस्तक मिटलेलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, मला पलीकडचं दिसत नाहीये.” मी म्हटलं, “मग बरोबर आहे. थांबू.” चकल्या पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. आजोबांनी घड्याळाकडे बघितलं आणि हसले.

निघण्याआधी नेहमीप्रमाणे वहीत नोंद केली होती. तारीख आणि चालकाचं नाव. क्लीनरसाठी त्यात रकाना नाही. मी समासात बारीक अक्षरात लेकीचं नाव लिहून ठेवलं.